चाळीस मिनिटे आडवे

माणसाच्या शरीरात रक्त खाली जाते ते आपल्या स्वभावाने, आणि वर येते ते नाइलाजाने. (हुकमांचे आणि तक्रारींचेही असेच आहे.) म्हणून निसर्गाने पायांच्या शिरांत झडपा बसवल्या आहेत. वर चढलेले रक्त त्या मागे घसरू देत नाहीत. माणूस वर्षानुवर्षे एका जागी उभा राहिला की या झडपा सोसतात, सोसतात आणि एक दिवस हात टेकतात. मग शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात, घोट्याजवळची कातडी काळवंडते, आणि शेवटी तिथे अशी जखम होते की ती भरायचे नावच घेत नाही.

आमच्या सूनबाईच्या दोन्ही पायांच्या झडपांनी नोकरीच्या बाराव्या वर्षी हात टेकले. ती पडद्यांच्या आणि चादरींच्या एका मोठ्या दुकानात विक्रीचे काम करते. त्याच दुकानाच्या दारात मी दरवान म्हणून पस्तीस वर्षे उभा होतो, त्यामुळे तिथली शिस्त मला ठाऊक आहे. ग्राहकासमोर बसायचे नाही, आणि दुकान उघडे असताना ग्राहक नाही असे समजायचे नाही. दुकानात खुर्च्या नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. चांगल्या सात आहेत. सहा ग्राहक बायकांच्या नवऱ्यांसाठी. (पडदा निवडायला सरासरी एक तास दहा मिनिटे लागतात; नवरा अकराव्या मिनिटाला बसतो.) सातवीवर मालकांच्या कैलासवासी वडिलांची तसबीर बसते.

सूनबाईच्या उजव्या घोट्याला जखम झाली तेव्हा तिने मॅनेजरकडे एक स्टूल मागितले. मॅनेजरने ते मालकांच्या कानावर घातले. मालक दयाळू माणूस. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितले की मूळ प्रश्न बसण्याचा नसून शिरांचा आहे. लगेच बावीस विक्रेत्या बायकांसाठी तपासणी शिबिर भरले. शिरांची तपासणी उभ्याने करतात. आमच्या बायका त्यात इतक्या तयारीच्या निघाल्या की तंत्रज्ञाने कौतुक केले. बावीसपैकी चौदा जणींना आजार निघाला. म्हणजे आठ जणी निरोगी, असे मालकांनी फलकावर लिहवून घेतले.

शास्त्र किती पुढे गेले आहे ते मला त्या शिबिरात समजले. माझ्या वेळी दोन उपचार होते: पट्टी बांधणे आणि तोंड बंद ठेवणे. आता घट्ट मोजे आहेत, ते चढवताना घरातली दोन माणसे लागतात. औषधाचा फेस करून शिरेत टोचतात, की ती शीर आकसून बसते. एक प्रकारचा डिंक असतो, त्याने शीर आतून चिकटवतात. आणि सर्वांत नामी म्हणजे लेसर: सुईएवढ्या भोकातून बारीक तार आत घालायची, आतून ताप द्यायचा, बिघडलेली शीर बंद करायची, रक्त शहाणपणाने दुसरी वाट धरते. टाका नाही, भूल जागेपुरती, आणि त्याच दिवशी चालत घरी.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण प्रश्न सरळ विचारत होत्या.

"कामावर बसायला मिळतं का?"

"जेवताना मिळतं."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं. त्यातच हात धुवायचे."

डॉक्टरीणबाईंनी लेसर लिहिले.

उपचार उत्तम झाला. घरी आल्यावर मी विचारले, "दुखलं का गं?"

"छे हो, बाबा. चाळीस मिनिटं आडवी होते मी. दिवसाउजेडी! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

"मग दुसऱ्या पायाचंही करून घे."

"तेच म्हणते. वर्षातून दोनदा असतं तर बरं झालं असतं."

डॉक्टरीणबाईंच्या कागदावर दोन वाक्ये होती. पहिले ठळक: दुसऱ्या दिवशी कामावर जाता येईल. दुसरे बारीक: फार वेळ एका जागी उभे राहू नये, रोज चालावे, नाहीतर उरलेल्या शिरा फुगतील. मला अक्षर लावून वाचायला वेळ लागतो, म्हणून मी बारीकही वाचतो. मॅनेजर भराभर वाचतो. मी कागद दुकानात नेऊन दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवले तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"अहो मामा, हे तर सोपं आहे. उभं राहायचं नाही ना? चालू दे की!"

त्या दिवसापासून सूनबाई दोन मजले चढून गोदामातून कापडाचे गठ्ठे आणू लागली. डाव्या घोट्याची कातडी काळी पडली तेव्हा तिने स्टुलासाठी पुन्हा अर्ज केला, आणि या वेळी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी जोडली: डावा पाय वाचवायचा तर बसून काम द्या.

मालक हट्टी नाहीत. ते म्हणाले, "दुकान ग्राहकाचं आहे. ग्राहकालाच विचारू." शंभर ग्राहकांना छापील कागद दिला. पहिला प्रश्न: विक्रेत्या स्त्रियांना कामावर बसायला मिळावे का? सत्त्याण्णवांनी 'होय' लिहिले, काहींनी खाली दोन रेघा मारल्या. (उरलेल्या तिघांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारले.) दुसरा प्रश्न: आपण समोर आल्यावर ती बसलेली चालेल का? 'होय' चार.

मालकांनी दोन्ही मतांचा मान राखला. स्टूल आणले.

मंगळवारी दुपारी सूनबाई त्यावर बसली. मांडीवर कापड घेऊन तिने एका ग्राहकाला रंग दाखवले, मोजून दिले, घडी घालून दिली. अकरा मिनिटे. बुधवारी अभिप्रायाच्या वहीत एक ओळ निघाली: 'माल उत्तम. मुलगी बसून होती.' खाली नाव नव्हते. गुरुवारी स्टूल गोदामात गेले. पुढच्या महिन्यात डाव्या घोट्याची जखम उघडली.

ती ओळ लिहिणारा माणूस दुष्ट नसावा. अक्षर वळणदार होते, आणि आधीच्या शंभर छापील कागदांत त्याच अक्षरात एक 'होय' आहे, खाली दोन रेघा मारलेला.

वाचकहो, तुमचे मत त्या सत्त्याण्णवांतच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कागदावर देऊ नका. पुढच्या वेळी खरेदीला जाल, आणि समोरची बाई तुम्हाला पाहूनही उठणार नाही, तेव्हा द्या. सावकाश द्या. तोवर ती उभी आहे.