आबाजीपंतांच्या गुलाबावरील मावा

कर्जतचे आबाजीपंत वारले, त्यांचे दिवस झाले, पुतण्या सर्व विधी उरकून मुंबईस परत गेला. आणि मग एका सकाळी ओटीवरच्या कुंडीतल्या गुलाबास मावा लागल्याचे त्यांची मुलगी इंदूबाई हिच्या ध्यानात आले. ही गोष्ट तिने लपवून ठेवली असती, तर पुढला सारा प्रकार टळता. पण तिने उघड्या ओटीवर रिठ्याचे पाणी आणि जुन्या धोतराची चिंधी घेतली, आणि कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसलेले हिरवे किडे पुसायला हात पुढे केला. आबाजीपंत दरसाल असेच करीत. तो गुलाब त्यांनी पुण्याहून आगगाडीत मांडीवर धरून आणला होता, आणि आता त्या घरात इंदूबाईखेरीज जिवंत असे तेवढेच उरले होते.

"थांब!" पायरीवरून आवाज आला.

समाचारास आलेले ते हरीमास्तर. सार्वजनिक उन्नति सभेचे तहहयात चिटणीस.

"मुली, हे काय चालवलंयस?"

"मावा पुसतेय, मास्तर."

"म्हणजे खाजगी उपाय! आज तू इथला मावा हाकलशील, उद्या तो शेजारच्या जास्वंदीवर जाऊन बसेल. जबाबदार कोण? सार्वजनिक संकटाचा विचार सार्वजनिकच व्हायला हवा. सभेचा निर्णय होईतो झाडाला हात लावू नकोस."

समाचारास आलेल्या माणसाशी वाद घालू नये, अशी रीत आहे. इंदूबाईने वाटी खाली ठेवली.

सभेला स्वतःची जागा नसल्यामुळे ती इंदूबाईच्याच ओटीवर भरली. आबाजीपंतांच्या निधनाबद्दल दुःखाचा ठराव उभ्याउभ्याच मंजूर झाला, आणि मग मंडळी खऱ्या विषयासाठी खाली बसली.

दूध घालायला आलेली धोंडूबाई खांबाला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "मावा कसला गं ताय, नजर हाय ती! येवढी मानसं टकामका बघाया लागल्यावर झाडानं काय करावं? मीठमिरच्या उतरून चुलीत टाक."

स्त्रियांस मत नसल्यामुळे ही सूचना सभेपुढे येऊ शकली नाही. धूर मात्र आला. सर्व सभासद खोकले. मावा खोकला नाही.

विष्णुभटजींनी डोळे पुसले आणि एक गंभीर शंका काढली. "आबाजीपंतांचा जीव या गुलाबात होता, हे सर्वांस ठाऊक आहे. वासना राहिली की जीव जवळपास घुटमळतो. या किड्यांपैकी एखादे आबाजीपंतच असले तर?"

जे कुंडीला पाठ करून बसले होते, ते वळून बसले.

"कोणते?" मास्तरांनी हळूच विचारले.

"ते कसे सांगणार? म्हणून वर्षश्राद्ध होईतो सर्वांनाच अभय."

दाराआडून इंदूबाई म्हणाली, "दुसऱ्याच्या जागेवर ठाण मांडून दिवसभर चोखत बसणाऱ्यांतले माझे बाबा नव्हते."

हे विधान माव्याविषयी आहे असे समजून सभेने त्याची नोंद घेतली.

पुढच्या बैठकीस खालापूरचे पोपटशेठ बैलगाडी जुंपून आले. कुंडी खालापूरच्या कुंभाराची होती, आणि मावा मातीतूनच आला असे कर्जतकर बोलू लागले होते. "ही आमच्या सबंध गावाची बदनामी आहे!" शेठ कडाडले. "आमच्या मातीत असलं काही होत नाही."

एवढ्यात माथेरानहून बातमी आली. तिथे हवा खायला आलेल्या एका साहेबास किडे जमवण्याचा नाद होता, आणि त्याने हा मावा पाहण्याची इच्छा दर्शवली होती.

"माती आमची, तेव्हा मावाही आमचाच," पोपटशेठ तत्काळ म्हणाले.

"पण तो वाढला कर्जतच्या हवेत!" मास्तर म्हणाले.

भांडण मिटले नाही. पण साहेब येईतो एकही किडा कमी होता कामा नये, यावर मात्र दोन्ही गावांचे एकमत झाले. कुंडीशेजारी मास्तरांचा गडी लडकू याला काठी देऊन बसवण्यात आले. चिमण्या, मुंगळे आणि इंदूबाई यांना जवळ येऊ द्यायचे नाही, असा त्याला हुकूम होता.

"ताय, लांब ऱ्हावा," तो ओशाळून म्हणायचा. "मला काय कळत नाय, पर मास्तर वरडत्यात."

"अरे, एक शेंडा तरी पुसू दे. झाड मरतंय."

"झाडाचं कुनी काय सांगितलं नाय, ताय. किड्यांचं सांगितलंय."

शेंडे काळवंडले. कळ्या न उमलताच वाकल्या. माव्याची उपासमार होऊ लागली, तशी सभा हवालदिल झाली, आणि प्रत्येक सभासदाने आपापल्या घरची कुंडी आणून माव्याची सोय करावी असे ठरले. सर्वांनी आणल्या, आणि चार दिवस ठेवून परत नेल्या. त्यानंतर कर्जतात ज्याच्या दारी मावा नाही असे घर राहिले नाही. संकट आता खरोखर सार्वजनिक झाल्याचे पाहून मास्तरांना समाधान वाटले.

साहेब आला नाही. तो माथेरानहून परस्पर विलायतेस गेला.

इंदूबाईने एका सकाळी गुलाबाची फांदी वाकवून पाहिली. ती कडकन मोडली. आत हिरवे काही नव्हते. लडकू काठी टेकून तिच्याकडे पाहत राहिला; त्याने तिला अडवले नाही.

दुसऱ्याच दिवशी झाडाच्या मृत्यूची चौकशी समिती ओटीवर येऊन बसली. समितीने फार बारकाईने विचारपूस केली. शेवटी शेवटी कसे होते? पाणी घेत होते का? आधी काय सुकले? कोणाला दाखवले होते का? विचारताना मास्तरांनी उपरण्याने डोळे टिपले.

इंदूबाई ऐकत राहिली. याच ओटीवर एवढी माणसे समाचाराला येऊन गेली, पण यांतला एकही प्रश्न आबाजीपंतांविषयी कोणी विचारला नव्हता. ते कशाने गेले, हेसुद्धा नाही.

समितीला तरी दोष कसा द्यावा? वाचकहो, तुम्हीही इथवर माव्याचीच चौकशी करीत आलात.