आर्थर राजा चहाला आला तेव्हा

"टॅम्सिन, तुझाच काय, कुणाचाच यावर विश्वास बसणार नाही," डेन्झिलने बायकोला कोट खुंटीला लावण्याचीही फुरसत दिली नाही. "आत्ता आपल्याकडे आर्थर राजा चहाला येऊन गेला!"

टॅम्सिनने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. सकाळी तिथे ताजे स्कोन, म्हणजे चहासोबतचे छोटे गोल खुसखुशीत पाव, रचलेले होते. शेजारी मुरंबा आणि घट्ट सायीचा वाडगा. इथे कॉर्नवॉलात स्कोनवर आधी मुरंबा लावतात आणि वर साय. नदीपलीकडचे डेव्हनवाले उलटं करतात, आणि त्याबद्दल त्यांना इकडे अजून कुणी माफ केलेलं नाही. आता ताटात नुसता भुगा होता.

"चॅपलच्या, आपल्या प्रार्थनाघराच्या, चहापानाचे आहेत. हात लावलास तर सगळ्या बायकांपुढे तुलाच उभा करीन," असं बजावून ती बाहेर पडली होती. डेन्झिलचा जन्म मासेमारीत गेला, वादळाला तो कधी भ्यायला नाही. पण चॅपलच्या बायका समोरून दिसल्या की तो गल्ली बदलायचा. तरी त्याने एक चाखला. त्यामुळे ढीग डावीकडे कलला, म्हणून उजवीकडचा एक काढला. तोल सावरता सावरता ताट सपाट झालं.

"दंतकथेतला आर्थर राजा," टॅम्सिन खुर्ची ओढून बसली. "घोडा कुठे बांधला होता? माझ्या कोबीत?"

"घोडा कुठला! बसने आला. म्हाताऱ्यांचा फुकट पास आहे त्याच्याकडे. ड्रायव्हरने जन्मसाल वाचलं आणि मुकाट्याने आत घेतलं."

"चिलखत घालून?"

"छे गं, या दमट हवेत गंजतं ते. साधा स्वेटर होता, कोपराला ठिगळ."

"मग राजा म्हणून ओळखलंस कसं?"

"तलवार होती ना! गुडघे गेलेत बिचाऱ्याचे, काठीसारखी टेकत आला. दगडात रुतलेली ती उपसून राजा झाला, तेव्हा खांदा जो निखळला, तो अजून धड बसलेला नाही म्हणे."

"आणि घरी खायला घालत नाहीत वाटतं?"

"तेच तर दुखणं!" डेन्झिलला आता सूर सापडला. "त्याच्या दरबारातलं ते गोल टेबल! लांब असतं तर वाढायला राजापासून सुरुवात झाली असती. गोलाला टोकच नाही. वाढपी कुठूनही सुरू करतो आणि राजापाशी पोचेपर्यंत भांडं रिकामं. तक्रार केली तर सरदार म्हणतात, महाराज, सगळे सारखे ही तुमचीच कल्पना! इतकी शतकं तो माणूस अर्धपोटी आहे, टॅम्सिन. मी नाही कसं म्हणू?"

टॅम्सिनच्या ओठाचा कोपरा हलला. "बरं केलंस. चॅपलचे मी सकाळीच शेजारच्या लव्हडेच्या घरी पोचवलेत. हे घरचेच होते. तसं सांगितलं असतं तर मला एकही उरला नसता, म्हणून थाप मारली; तरी उरला नाहीच."

डेन्झिलच्या छातीवरून जणू नांगर उचलला गेला. तिथेच थांबला असता तर शहाणा ठरला असता. पण गोष्ट रंगात आली होती आणि पोट भरलेलं होतं.

"आणि खात कसा होता म्हणून सांगू!" तो म्हणाला. "तलवारीने स्कोन मधोमध चिरला. त्यावर आधी साय, ही अशी जाड, गादीसारखी. आणि तिच्यावर मुरंब्याचा लाल ठिपका. मग डोळे मिटून…"

टॅम्सिनने रिकामं ताट स्वतःकडे ओढलं.

"डेन्झिल," टॅम्सिनने अगदी मऊ आवाजात विचारलं, "हा राजा कुठला रे?"

"म्हणजे काय! आपल्याच कॉर्नवॉलचा. त्या कड्यावरच्या किल्ल्यात जन्म…" आणि आपण साय आधी घातल्याचं त्याच्या ध्यानात आलं.

टॅम्सिन उठून उभी राहिली. तिचा आवाज थेट लव्हडेच्या परसात पोचला.

"थापाड्या! राजा कॉर्नवॉलचा होता. डेव्हनची होती ती तुझी आई!"