ब्लँकेटमधले साहेब

"ग्लोबल वॉर्मिंग ना? एका तासात पोरांच्या डोक्यात पक्कं बसवते!" विज्ञानाच्या बाईंनी मुख्याध्यापकांना छातीठोकपणे सांगितलं. त्यांच्या तासाला तपासणीस साहेब बसणार होते. साहेबांनी मान हलवली, की बाईंची वर्षानुवर्षं लटकलेली नोकरी कायम होणार होती!

अडचण एकच होती. सातवीचा वर्ग. ओझोनला भोक पडलंय, त्यातून ऊन थेट आत शिरतं आणि म्हणून पृथ्वी तापते, अशी या वर्गाची ठाम समजूत होती. ते प्रकरण वेगळं आहे, हे सांगून बाईंचा घसा बसला होता. तरी कुणीतरी विचारायचंच, "पण बाई, ते भोक बुजवणार कोण?"

म्हणून आज बाईंनी घरून जाडजूड ब्लँकेट आणलं होतं.

"हवेतला कार्बन डायऑक्साइड म्हणजे पृथ्वीचं पांघरूण. ते जाड झालं की काय होतं?"

"उकडतं!" अख्खा वर्ग ओरडला. साहेबांनी सरबताचा घोट घेत मान डोलावली. बाईंना आभाळ ठेंगणं झालं!

तिथेच थांबल्या असत्या तर! पण नाही. "चला, प्रयोगच करून बघू," म्हणत त्यांनी एक थर्मामीटर टेबलावर ठेवला आणि दुसरा ब्लँकेटमध्ये गुंडाळला. थोड्या वेळाने त्यांनी वकिलिणीला पुढे बोलावलं. वकिलीण म्हणजे पहिल्या बाकावरची मुलगी. हे नाव शिक्षकांनीच, तिच्या प्रश्नांना घाबरून, ठेवलं होतं.

"बाई, दोन्ही सारखेच!"

"नीट बघ गं!"

"नीटच बघितलं!"

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. अरे देवा, ब्लँकेट म्हणजे काय शेगडी आहे? ते आतली ऊब धरून ठेवतं, आणि थर्मामीटरला मुळात ऊबच नव्हती! हा प्रयोग आधी घरी करून बघायला काय झालं होतं?

"म्हणजे ग्लोबल वॉर्मिंग खोटं?" मागून कुणीतरी किंचाळलं. "भोकच खरं!"

"थांबा रे!" वकिलीण तडक साहेबांकडे गेली. "साहेब, घेऊ का?" म्हणत तिने त्यांच्या ग्लासातले बर्फाचे खडे काढलेसुद्धा! एक बशीत ठेवला, एक ब्लँकेटमध्ये. बशीतल्याचं बघता बघता पाणी झालं. ब्लँकेटमधला मात्र जसाच्या तसा!

"बाई, पांघरुणात बर्फ टिकतो! मग ध्रुवावर खूप धूर सोडला तर तिथला बर्फ वाचेल!"

बाईंनी कपाळाला हात लावला. त्याहून भयंकर म्हणजे साहेब टाळ्या वाजवत होते!

"वा बाई, वा! मी गाडी काढली की आमची ही धूर, धूर म्हणून ओरडते. आज सांगतो तिला! तुमची नोकरी कायम समजा!"

आता फक्त गप्प बसायचं होतं. पण समोर सगळा वर्ग आनंदाने चुकीचं शिकून बसला होता! बाईंना ते बघवेना.

"साहेब, हे साफ चूक आहे," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हादरल्या. "बर्फाला स्वतःची ऊब नसते. पृथ्वी उन्हाने तापते आणि ती उष्णता बाहेर टाकते. तसं उष्णता बाहेर टाकणारं काहीतरी गुंडाळायला हवं."

वकिलिणीची नजर वर्गभर फिरली आणि एका जागी थांबली.

"साहेब चालतील?"

बाई नको म्हणेपर्यंत साहेब ब्लँकेटमध्ये होते! चारी टोकं पोरांनी घट्ट धरली. आत थर्मामीटर. पंखा बंद!

"चढतोय! बाई, चढतोय!"

"अजून कार्बन डायऑक्साइड घाला!" मग खिडकीचे पडदे आले. टेबलक्लॉथ आला.

"समजलं! मला सगळं समजलं!" आतून आवाज आला. "आधी मला बाहेर काढा!"

"बाई," वकिलीण डोळे विस्फारून म्हणाली, "म्हणजे हे भोकामुळे नाहीच! आत आलेली उष्णता बाहेर जाताना अडकते, म्हणून तापतं!"

या एका वाक्यासाठी बाईंनी वर्षभर घसा फोडला होता. त्यांचे डोळेच भरून आले.

साहेब बाहेर आले तेव्हा उकडलेल्या बिटासारखे लाल झाले होते. एक बूट आतच राहिला होता.

"तास उत्तम झाला," ते धापा टाकत म्हणाले. "मुलांना समजलं. मलाही समजलं."

"मग साहेब... माझी नोकरी?"

साहेबांनी टायने घाम पुसला आणि एका बुटावर लंगडत दार गाठलं.

"तपासणी पुन्हा होईल. कडाक्याच्या थंडीत!"