तीन ठिपक्यांची रेकॉर्ड

कोंडीबा भोंगेवाले गेले आणि मागे ठेवून गेले एक मशीन, दोन भोंगे, ट्रंकभर रेकॉर्डी, लग्नाची मुलगी चांगुणा आणि मुलगा नरसिंग. (यातल्या कामाच्या वस्तू कोणत्या, ते ज्याचं त्यानं ठरवावं.)

नरसिंग परभणीला एका कचेरीत आवक-जावक कारकून होता. शिक्षण बोर्डिंगात, नोकरी शहरात, त्यामुळं गावच्या लग्नांना तो कधी आलाच नाही. विचारलं की रजा मिळत नाही म्हणायचा. खरं कारण असं, की बाप लोकांच्या मांडवात कोपऱ्यात बसून रेकॉर्डी लावतो याची त्याला लाज वाटायची. आता बाप नव्हता. लाजही गेली होती.

शहात्तर सालच्या त्या रविवारी औंढ्याहून अमृतराव आपल्या मुलासाठी चांगुणेला पाहायला यायचे होते. मुलगा मास्तर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. असं स्थळ हातचं गेलं तर पुन्हा मिळणं कठीण. त्यात कोंडीबांनी शेवटच्या दुखण्यात "पोरीचं तेवढं बघ" एवढं एकच सांगितलेलं. म्हणून नरसिंग सकाळपासून हुकूम सोडत सुटला होता. बायकोला, म्हणजे पद्माबाईला हुकूम, की सहा माणसांचे पोहे, सहा माणसांचा शिरा. चांगुणेला हुकूम, "पाव्हणे जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा न्हाई!"

"पण दादा..."

"हाच! हाच शब्द!"

त्याचंही बरोबर होतं म्हणा. चांगुणेला गाव कोंडीबांचा तिसरा भोंगा म्हणायचं.

पाहुण्यांना अजून दोन तास होते. नरसिंगानं बापाची ट्रंक उघडली. म्हटलं, एकदा सगळ्या रेकॉर्डी ऐकून तरी पाहू. आणि ऐकायच्याच आहेत तर भोंग्यावर लावू. पाहुणे वारंगा फाट्यावर उतरून चालत येतील, त्यांचं स्वागत होईल, बाबाचंही नाव निघेल. (इथं कुणीतरी त्याचा हात धरायला हवा होता. पण धरणारीचं तोंड त्यानंच बंद केलं होतं.)

कोंडीबांना वाचता येत नव्हतं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात त्या लाल रंगाचे ठिपके त्यांनी काही रेकॉर्डींवर दिले होते. कुणावर एक, कुणावर दोन, एकीवर तीन, एकीवर चार. नरसिंगानं कारकुनाच्या डोक्यानं ताडलं, की हे आवडीचे नंबर. एक ठिपका बरी, दोन चांगली, तीन म्हणजे जीव की प्राण. तीन ठिपक्यांच्या रेकॉर्डीवर बापाच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तो पाहून नरसिंगाला रडूच आलं. त्यानं नाक पुसलं आणि चढत्या क्रमानं रेकॉर्डी लावायला सुरुवात केली.

एक ठिपका वाजला. शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली. दोन ठिपके वाजले आणि शेजारची कमलबाई पदर सावरत दारात.

"अगं बाई, नरसिंगा! घरी कार्य, अन् आमाला सांगणं न्हाई?"

"काकू, बाबाच्या नावानं चालू हाय. त्यात सांगायचं काय?"

"मंग समद्यांनी यायचं?"

"आवाज जाईल तितक्यांनी यावं!" असं म्हणून नरसिंगानं डोळे मिटले आणि तीन ठिपके लावले.

कमलबाई घराकडं पळतच सुटली. तेवढ्यात आतून चांगुणा धावत आली. नवं लुगडं, केसांत अबोली, आणि तोंडावर हात. तिनं तीन बोटं दाखवली. मग चुलीवर पाणी ओतल्याची खूण केली, मग जेवल्याची.

"भूक लागली तर पोहे खा," नरसिंग म्हणाला. "चूप! जा आत!"

अर्ध्या तासात अंगण भरलं. म्हातारे, बायका, कडेवर लेकरं, आणि प्रत्येकाच्या हातात आपापला तांब्या. येतील तसे ओळीनं मांडी घालून बसत होते. नरसिंगाला गहिवरून आलं. बापाची गाणी ऐकायला सगळं गाव लोटलंय! आता मागं हटायचं नाही, म्हणून त्यानं चार ठिपकेही लावून टाकले.

ते संपायच्या आत तांड्यावरून बाबूसिंग, त्याची बायको जिवनबाई आणि त्यांच्या मागं तीसेक माणसं हजर.

"पैली पंगत उठली का?" बाबूसिंगानं विचारलं.

"कसली पंगत?"

म्हातारे मुंजाजी पहिल्याच ओळीत तांब्या मांडून बसले होते. त्यांनी नरसिंगाकडं असं पाहिलं, की कचेरीत साहेबानंसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

"आरं, एक ठिपका म्हंजी हळद. दोन म्हंजी नवरदेव वेशीत आला. तीन म्हंजी चूलबंद आवतन! आज कुणी चूल पेटवायची न्हाई, समद्यांनी कोंडीबा सांगंल त्या घरी जेवायचं. चार म्हंजी दुसरी पंगत, तांडा लांब हाय म्हणून. गावानं चुली इझवल्या की रं!"

आतून पद्माबाईचा आवाज आला, "अवो, पोहे सहा जणांचे हायेत!"

नरसिंगानं धावत जाऊन मशीन बंद केलं. आणि नेमके त्याच क्षणी अमृतराव दारात उभे राहिले. मागं मुलगा, मुलाची आई आणि मामा. नुसतं मुलगी पाहायला आलेल्या माणसांसमोर दोनशे माणसं पंगतीला बसलेली! बळंच गळ्यात पडायला निघाले म्हणतील, तोंडाला काळं फासून निघून जातील. नरसिंगाला बापाचा चेहरा आठवला आणि त्यानं हात जोडले.

"माफ करा. माझी चूक झाली. ही रेकॉर्ड काय सांगती ते मला म्हाईतच नव्हतं. बाप गावासाठी काय करत होता ते मी कधी पाह्यलंच न्हाई. पोरीचा यात काई दोष न्हाई."

अमृतरावांनी पंगतीवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी पिशवीतून काहीतरी काढलं. तांब्या!

"थोरलीच्या लग्नात औंढ्याला तुमच्या वडलांचाच भोंगा होता," ते म्हणाले. "फाट्यावर भज्यांची ऑर्डर देऊन राहिलो होतो, तेवढ्यात त्या लग्नातलीच रेकॉर्ड ऐकू आली. म्हटलं, पाव्हण्यानं चूलबंद आवतन दिलं, अन् आपण भजे खायचे? भजे सोडून आलो. आता लवकर वाढा."

नरसिंगाचा जीव भांड्यात पडला, पण ते भांडं रिकामंच होतं. कमलबाई उठली.

"चुली इझल्या त्या इझल्या, पीठ कुठं गेलंय? उठा गं!"

कुणी मळलेलं पीठ आणलं, कुणी अर्धी शिजलेली डाळ, जिवनबाईनं मिरच्यांचा ठेचा. अंगणात दगड मांडून चार चुली पेटल्या. मास्तर स्वतः पाणी वाढत फिरला. ते पाहून गावानं त्याला तिथंच पास केलं.

जेवण झाल्यावर अमृतराव म्हणाले, "समदं बराबर हाय. पण पोरगी बोलत न्हाई काहून? मुकी तर न्हाई?"

चांगुणेनं भावाकडं पाहिलं. भावानं मान डोलावली.

"दादाऽ! मी सकाळपासून सांगून राहिले होते!" इथून ती जी सुरू झाली, ती पाव घंटा थांबली नाही. मास्तरला हसू आवरेना. स्थळ पक्कं झालं. नरसिंगाला इतकं हलकं वाटलं, की तो ओट्यावर मटकन बसला आणि मोकळेपणानं रडला. बापानं सांगितलेलं काम झालं होतं. बापाच्याच रेकॉर्डीनं केलं होतं, पण झालं होतं.

ऊन उतरलं, पाहुणे गेले, गाव गेलं. तेव्हा कुठं त्याला आठवलं, की आपण सकाळपासून पाण्यावर आहोत. पद्माबाईनं एकेक भांडं उपडं करून दाखवलं. पोहे, शिरा, भाकरी, काही म्हणजे काही उरलं नव्हतं. गाव आता जेवून सुस्तावलं होतं, आणि चुली विझलेल्या.

"चांगुणे," तो केविलवाणा होऊन म्हणाला, "यजमान उपाशी राह्यला, त्याला दोन घास आणा, अशी कोणती रेकॉर्ड हाय का?"

चांगुणेनं ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

"न्हाई दादा. बाबाला गाव आधी वाढायचं, तसली रेकॉर्ड कधी लागलीच न्हाई."