शिंकेबाबतची कार्यपद्धती

"इथं शिंक आली तर काय करता?"

कोणताही कारभार सुरळीत चालतो, तो त्याला कुणी प्रश्न विचारेपर्यंतच. हा प्रश्न पंधरा वर्षांच्या तिल्डाने विचारला, कारण "हिंमत असेल तर विचारून दाखव" असं नेले नावाच्या मैत्रिणीने आणि इतर मुलींनी शाळेच्या सहलीच्या बसमध्येच बजावलं होतं. आणि यंदापासून तिल्डाकडे हिंमत उतू जात होती.

सहल आली होती त्या जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या संस्थेत केसाहून बारीक झडपा घडवतात. बोटाएवढ्या पट्टीत रक्ताचा थेंब तपासायचा, तर त्याला अडवायला-सोडायला झडप हवीच. साच्यात पातळ रबर ओतायचं, भाजायचं, अलगद सोलायचं. धुळीचा एक कण पडला की झडप मेली. म्हणून आत जाताना टोपी, झगा, मुखपट्टी आणि हातमोजे (दोन जोड्या; दुसरी पहिलीच्या रक्षणार्थ).

प्रमुख डॉ. ओक्सेनराइटर यांनी नियमावली चाळली. शिंक कुठेच नव्हती.

"अकरा वर्षांत इथं कुणी शिंकलेलं नाही," ते म्हणाले. "नियमच नाही, तर माणूस शिंकेल कसा?"

हे ऐकताच तिल्डा शिंकली.

शिंक मुखपट्टीतच जिरली. हानी शून्य. पण शिंकणाऱ्याला "आरोग्य लाभो!" म्हणायची तिथली रीत, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटणं असभ्यपणाचं. तेव्हा चौदा शास्त्रज्ञांनी मुखपट्ट्या खाली ओढून खणखणीत आवाजात तिला आरोग्य चिंतिलं. तीनशे बारा झडपा जागच्या जागी गेल्या.

"झालं! मिळाली बाईसाहेबांना जागा," नेले फिदीफिदी हसली.

तिल्डाला मात्र हसू येईना. दोन आठवडे तिथं झडपा करायला शिकावं म्हणून तिनं शाळेतर्फे अर्ज केला होता. जागा एकच होती.

यथावकाश चौकशी अहवाल आला (पाने चौसष्ट, शिंकेला दोन, शुभेच्छेला बासष्ट). यापुढे शिंकणाऱ्याने दोन दिवस आधी कळवावे. शुभेच्छा लेखी द्याव्यात, त्या शुक्रवारी एकत्रित वाटल्या जातील. ही पद्धत तपासण्यासाठी कुणी शिंकणे आवश्यक असून कर्मचाऱ्यांपैकी एकासही अनुभव नाही. सबब कुमारी तिल्डा हिची दोन आठवड्यांसाठी शिंकण्याच्या कामी निवड करण्यात येत आहे.

रात्रीच्या जेवणाला पावावर चीज ठेवता ठेवता बाबांनी निवडीचं पत्र दोनदा वाचलं. "हे अभिनंदन आहे की शिक्षा गं?"

"आई, बाबा, माझं ठरलंय," तिल्डा म्हणाली. "मी जाणार, पण झडपा ओतायला. शिंकायला त्यांनी दुसरं कुणीतरी बघावं. कामधाम सोडून शिंकेवरचं हे सगळं शेवटपर्यंत वाचत बसलेलं कुणीतरी असेलच की!"