खांबेटे श्वास घेत नाहीत

रविवार, १२ ऑक्टोबर. दिवाळी आठवड्यावर आली म्हणून फ्रीझर साफ करायला काढला होता. प्लग काढलेला, दार सताड उघडं, खाली जुने टॉवेल अंथरलेले आणि मी लाकडी उलथन्याने बर्फ खरवडतेय. तेवढ्यात फोन वाजला. इथल्या मासेमारी क्लबचा अध्यक्ष विम बोलत होता.

"तुझा शेजारी कालव्यात पडला. काढलाय आम्ही बाहेर, शुद्धीवर आहे. पण पडायच्या आधी तो बराच वेळ श्वास घेत नव्हता."

"हातात मासा होता का?" मी विचारलं.

"होता."

"मग बरोबर आहे," मी म्हटलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.

हे नीट सांगायला हवं. आमचे शेजारी अरविंद खांबेटे स्पर्धेत मासे पकडतात. पकडलेला मासा तिथल्या तिथे तोलायचा आणि लगेच पाण्यात सोडून द्यायचा, असा त्या स्पर्धेचा नियम. आणि मासा जितका वेळ पाण्याबाहेर असतो, तितका वेळ खांबेटे स्वतः श्वास रोखून धरतात. मासा पाण्यात गेला की हे "हाSSश" करून श्वास सोडतात. तो आवाज पलीकडच्या काठावरच्या बदकांनासुद्धा पाठ आहे.

आइंडहोवनला आमची दोन्ही घरं एका भिंतीची. मी एका हाउसआर्टच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात फोन घेते. दिवसभर लोकांना पॅरासिटामॉल घ्या आणि दोन दिवसांनी फोन करा, असं सांगते. खांबेटे चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामात आहेत. त्यांच्या ऑफिसात केसाच्या जाडीलासुद्धा ढिसाळपणा म्हणतात. त्यामुळे त्यांचा सगळा संसारच मोजमापाचा. आमच्याकडची आमटी जरा खारट झाली की म्हणणार, "वहिनी, टॉलरन्सच्या बाहेर गेली." आवडली तर हात वर करून फक्त, "टॉलरन्समध्ये!" यापेक्षा जास्त कौतुक मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मासेमारीच्या त्यांच्या तयारीला कुणी हसलं तर मी त्या माणसाला दोष देणार नाही. काठावर गादी घालतात. माशासाठी. ती बादलीभर पाण्याने भिजवतात, माशाच्या अंगाला कोरडं काही लागू नये म्हणून. हात ओले करतात. तोलायची झोळी ओली करतात. गळाला उलटा काटा नसतो, म्हणजे तो तोंडातून अलगद निघतो. वर ओठाला लावायला औषधाची बाटली. बाळंतिणीच्या खोलीत असते तशी सगळी जय्यत तयारी, आणि मधोमध गमबूट घातलेले खांबेटे.

आणि हा माणूस शुद्ध शाकाहारी. पुण्याचा. आयुष्यात माशाचा तुकडा जिभेवर ठेवलेला नाही.

मी वेंगुर्ल्याची. मला हे पटणं शक्यच नव्हतं. एकदा मी स्पष्टच म्हटलं, "अहो खांबेटे, मासा काढायचा, वजन करायचं आणि परत ठेवायचा? मंडईत भेंडी चार वेळा हाताळून न घेता जाणारी गिऱ्हाइकं असतात ना, तसं झालं हे."

त्यांना राग आला नाही. ते गंभीर झाले. "वहिनी, तुमची बाजू स्वच्छ आहे. तुम्हाला भूक लागते, तुम्ही मासा खाता. माझी बाजू लंगडी आहे, मला माहितीये. मी त्याला त्रास देतो, आणि तोही गंमत म्हणून."

"मग द्या ना सोडून हा नाद."

"मासा सुटतो हो. नाद सुटत नाही." मग म्हणाले, "म्हणून निदान त्याला श्वास मिळत नाही तोवर मीही घेत नाही. तेवढं तरी टॉलरन्समध्ये असावं."

गेल्या गणपतीत मराठी मंडळात त्यांनी हाच मुद्दा इतका वेळ समजावून सांगितला, की मोदक गार झाले. तेव्हापासून मंडळात त्यांचं नाव 'प्राणायाम' पडलं. "आज प्राणायाम आलेत का हो?" असं लोक त्यांच्या तोंडावर विचारतात. तेही "हजर!" म्हणतात.

क्लबातल्या लोकांचं मात्र त्यांच्याशी छान जमतं. डच लोकांना आपली नावं उच्चारता येत नाहीत, पण खांबेट्यांचा 'ख' ते घशाच्या तळातून असा काही खरवडून काढतात, की पुण्यातही कुणी काढला नसेल. अडचण एकच, ती म्हणजे विम. विम बसचा रिटायर्ड ड्रायव्हर, सव्वासहा फूट उंच, आणि कधीही वेळेआधी न पोचण्याची आयुष्यभराची सवय. वजन तोच करतो. आधी काटा शून्यावर आणतो. मग चष्मा काढतो. चष्मा पुसतो. घालतो. आकडा वाचतो. खात्रीसाठी परत वाचतो. मग वहीत लिहितो. तेवढ्या वेळात खांबेटे गुलाबी होतात, मग बीट, मग भरताचं वांगं.

त्या सकाळी बारा किलोचा कार्प लागला. कार्प म्हणजे आपल्या कटल्याच्या जातीचा, जाडजूड, बेंगरूळ, सोनेरी मासा. काट्याची बॅटरी संपली. विम दुसरी बॅटरी आणायला गाडीपर्यंत चालत गेला. चालत! खांबेटे माशाची झोळी घेऊन पाण्याच्या कडेला उभे राहिले, आणि मग उभे राहिले नाहीत.

जाळ्याच्या दांड्याने त्यांना काठाला ओढलं. शुद्धीवर येताच विचारलं म्हणे, "मासा?"

"तुझ्या आधी गेला पाण्यात," विम म्हणाला. "आजचा सर्वांत मोठा मासा तूच. अंदाजे ऐंशी किलो. सुस्थितीत सोडण्यात येईल."

हॉस्पिटलमध्ये पोचले तर खांबेटे घोंगडीत गुंडाळून बसले होते, छातीला तारा लावलेल्या. मी जवळचं माणूस म्हणून मला आत घेतलं. जवळची कशी, तर क्लबच्या फॉर्मवर 'अपघात झाल्यास कळवावे' या रकान्यात माझा नंबर. कधी लिहिला, मला पत्ता नाही. त्यांचा मुलगा मेलबर्नला. त्याचा नंबर का नाही दिला, विचारलं तर म्हणाले, "तो पोचेपर्यंत काय, वहिनी, मी वाळून जाईन."

तीन तास बसलो. हृदय, रक्त, फुप्फुस, सगळं तपासलं. शेवटी एक तरुण डॉक्टरीण आली. "सगळं उत्तम आहे," ती म्हणाली. "हे तुम्ही नेहमी करता?"

"दर माशामागे एकदा," खांबेटे म्हणाले.

"औषध काही नाही. श्वास घेत जा."

इतकी वर्षं या देशात राहून, पॅरासिटामॉल न सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. बाहेर येऊन मी गाडीच्या टपावर हात टेकून मिनिटभर उभी राहिले. मग त्यांना सीटबेल्ट लावायला ओरडले.

पण गाडीजवळच विम वाट बघत होता. त्याने इकडचं तिकडचं काही न बोलता सांगितलं, "खांबेटे, मासा हातात असताना तू श्वास घेणार नसशील, तर मी तुला काठावर बसू देऊ शकत नाही. पुढच्या रविवारीही नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. उद्या सकाळी आठला ये. एक मासा पकड. माझ्यासमोर श्वास घेऊन दाखव. मग बघू."

गाडीत खांबेटे ओले गमबूट मांडीवर घेऊन बसले. मला त्यांचा रविवार माहीत आहे. त्यांची बायको, शुभाताई, जाऊन तीन वर्षं झाली. भिंतीपलीकडून रेडिओशिवाय दुसरा आवाज येत नाही. क्लब सुटला, तर शुक्रवारी ऑफिसातून निघालेला हा माणूस सोमवारपर्यंत कुणाशी बोलणार नव्हता.

घरी आले तर स्वयंपाकघरात तळं. फ्रीझरमधले बांगडे, सुरमई, सगळं वितळलेलं. परत गोठवायची सोय नाही. म्हणून नवऱ्याला फरशी पुसायला बसवलं आणि मी तवे चढवले. खांबेट्यांना आमच्याकडेच जेवायला बसवलं, वरणभात आणि भेंडीची भाजी. त्यांच्यासमोर बांगड्यांचा ढीग.

"असंच बसलो होतो एकदा," ते म्हणाले.

मला आठवत होतं. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. खांबेट्यांनी आयुष्यातला पहिला मासा पकडला, ब्रासम नावाचा, नुसते काटे. फोटोच्या नादात तो मेला. हे पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आले, "तुम्ही खाता ना? मग वाया जाणार नाही." मी तळला. हे समोर बसून राहिले. शेवटचा काटा ताटात पडेपर्यंत उठले नाहीत. मला वाटलं होतं, पश्चात्ताप.

आता त्यांनी पाकिटातून तोच फोटो काढला. फोटोत माशाची शेपूट, खांबेट्यांचा एक कान, आणि बाकी सगळा शुभाताईंचा अंगठा. गुलाबी, अस्पष्ट, अर्धा फोटो व्यापून.

"तिला फोनमधला कॅमेरा सापडेना. मग टॉर्चच लागला. मी ओरडतोय, लवकर, लवकर, आणि ती हसतेय. मासा गेल्यावर रडली. मग म्हणाली, अहो, पुढच्या वेळी तुम्ही श्वास धरून ठेवा. तुमचं तोंड लाल झालेलं दिसलं की मला घाई करायचं सुचेल." त्यांनी फोटोवरचं तेलाचं बोट पुसलं. माझ्या बांगड्याचं होतं ते. "नंतर एकही मासा गेला नाही. नऊ सेकंदांत फोटो काढायची."

मी तळणं थांबवलं नाही. माणसं विसरली तरी तव्यावरचा मासा विसरून चालत नाही. पण मी सुरमईची तीच तुकडी तीनदा उलटली.

"म्हणजे ते माशाबरोबर श्वास रोखणं वगैरे, मंडळात सांगितलंत ते?"

"तेही खरंच आहे. पण ते नंतर सुचलं."

"आणि आता कुणाला कळवायचं असतं, लाल होऊन?"

"विमला तर कळत नाही," खांबेटे म्हणाले. मग हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात उशिरा येते म्हणून निरोप ठेवला आणि पावणेआठला त्यांच्या दारात उभी राहिले. "तुम्ही कशाला?" म्हणाले. "गप बसा," मी म्हटलं आणि ती ओली गादी गाडीत टाकली.

कालव्यावर धुकं होतं. तासभर काही लागलं नाही. नऊला दोरी ताणली, आणि मग दहा मिनिटं नुसती ओढाताण. मासा जाळ्यात आला, गादीवर आला, आणि मी बघतेय तर खांबेट्यांचे ओठ मिटलेले, गाल फुगलेले. विमही त्यांच्याकडेच बघत होता, आणि हात चष्म्याकडे गेला होता.

"खांबेटे," मी म्हटलं, "तुम्ही श्वास घ्या. घाई करायला मी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कुकरची शिटी जावी तसा श्वास बाहेर पडला, आणि दुसरा आत गेला. मी विमकडे वळले. "चष्मा नंतर! काटा मी धरते, आकडा तू वाच. एकदाच! वही खिशात ठेव!" सत्तावीस वर्षं बस चालवलेला तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा धावला असेल. साडेआठ किलो. मी झोळीचं एक टोक धरलं, खांबेट्यांनी दुसरं, आणि मासा शेपटीने आमच्या दोघांच्या तोंडावर पाणी उडवून गेला.

"रविवारी ये," विम खांबेट्यांना म्हणाला. खांबेट्यांनी नुसता हात वर केला.

मग विम माझ्याकडे वाकून बघायला लागला. "तू का एवढी लाल झालीस?"

"थंडी आहे," मी म्हटलं, आणि कामावर गेले.