दीपगृह, साठ दिवस आणि उद्याराव

तिकीट किती दिवस आधी काढायचं, या प्रश्नावर उद्यारावांचं उत्तर ठरलेलं होतं: एक दिवस. दोन नाही, अर्धा नाही, एक.

उद्याराव हे त्यांचं ऑफिसातलं नाव. (खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं.) आवक-जावक विभागात तीस वर्षं ते टपालावर तारखेचा शिक्का मारत आले होते, आणि रोज संध्याकाळी टेबल आवरताना शिक्क्याची तारीख फिरवून उद्याची लावून ठेवत. सकाळी खोळंबा नको. ती सवय पुढे घरीही आली. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, की चपला काढण्याआधी ते भिंतीवरच्या कॅलेंडरचा आजचा कागद टर्रकन फाडत आणि खिशात ठेवत. मागच्या बाजूला हिशेब, निरोप लिहायला होतो म्हणून. बायकोनेही स्वतःला वळण लावून घेतलं होतं. संध्याकाळी कॅलेंडर बघायचं आणि एक वजा करायचा. सकाळी मात्र ते खरं बोलायचं.

तर एक दिवस आधी. या सिद्धांतापायी उद्याराव बायकोला घेऊन त्या प्रसिद्ध दीपगृहाच्या दारातून तीनदा परत आले होते. दिवसाला फक्त चाळीस माणसं वर सोडतात आणि बुकिंग साठ दिवस आधी, सकाळी दहाला उघडून दहा मिनिटांत संपतं, हे सगळ्या जगाला माहीत होतं. उद्यारावांनाही माहीत होतं. त्यांना ते मान्य नव्हतं.

"साठ दिवसांनी मी असेन की नसेन, हे मला माहीत नाही आणि ह्यांना माझं तिकीट हवंय! दीपगृह आहे की लग्नाचा हॉल?"

"अहो साडूभाऊ, काळ बदलला," साडू फोनवर म्हणाले. हे साडू म्हणजे पुढच्या वर्षीच्या सहलीच्या खोल्या या वर्षी घेऊन ठेवणारे गृहस्थ. "तुमच्याच्याने नाही व्हायचं. मी काढून देऊ का?"

हे 'देऊ का' उद्यारावांना फार झोंबलं. त्यात गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्याच आठवड्यात बायकोला सांगितलं, की वर्षअखेरीला ऑपरेशन, आणि त्यानंतर उंच जिने विसरा. दीपगृहाला दोनशे बारा पायऱ्या. बायको दवाखान्यातून आली, पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात तुम्ही म्हणाला होतात, तुला हाताला धरून वर नेईन. या वर्षी नाही तर कधीच नाही, एवढं लक्षात ठेवा."

ती ओरडली असती तर उद्यारावांनी उलट ओरडून वेळ निभावून नेली असती. ती शांत होती, म्हणून ते घाबरले.

त्यांनी साठ दिवस आधी, सकाळी नऊ वाजल्यापासून ऑफिसचा कॉम्प्युटर अडवून ठेवला. टपाल घेऊन आलेल्या चार माणसांना "उद्या या" सांगितलं. दहाच्या ठोक्याला त्यांनी तेरा तारखेची, गुरुवारची, सकाळी दहाची दोन तिकिटं मिळवली. आठ दिवसांत ती टपालाने घरी आली. जाड पुठ्ठ्याची, प्रत्येकावर नाव, मागे बारीक अक्षरात सूचना: मूळ तिकीट अखंड असल्याशिवाय प्रवेश नाही, दुसरी प्रत मिळणार नाही. उद्यारावांनी साडूंना फोन करून सूचनाही वाचून दाखवल्या.

गुडघ्याला आराम पडावा म्हणून बायकोच्या म्हणण्यावरून ते आठवडाभर आधीच जाऊन दीपगृहाजवळच्या लॉजवर उतरले. फोनचा चार्जर घरी राहिला होता. (तो बॅगेतून काढून त्या जागी तिकिटांची फाईल कोणी ठेवली, हा विषय नको.) दोन्ही फोन दुसऱ्या दिवशी झोपले. बिघडलं काही नाही. लॉजच्या दिवाणखान्यात तारखेचं भलंमोठं कॅलेंडर होतं.

ते बघताच उद्यारावांचा हात वर गेला.

"खबरदार!" बायको म्हणाली. "दुसऱ्याच्या भिंतीला हात लावायचा नाही. शपथ घ्या."

त्यांनी शपथ घेतली आणि पाच संध्याकाळी पाळली. दिवस मावळला की हात शिवशिवायचे. ते ओळीने खुर्च्या सरळ करायचे, जुनी वर्तमानपत्रं घडी करायचे, पण भिंतीकडे बघायचे नाहीत. सहाव्या संध्याकाळी बायको खोलीत गुडघा शेकत होती, दिवाणखान्यात चिटपाखरू नव्हतं, आणि अकरा तारखेचा तो कागद, ज्याचं काम संपलं होतं, निर्लज्जपणे लटकत होता. टर्रकन आवाज झाला. कागद खिशात गेला. सकाळी कॅलेंडर खरं बोलणार होतं. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते असं, की लॉजचे मॅनेजर रोज सकाळी उठून, डोळे चोळत, न बघता एक कागद फाडत.

सकाळी बायको दिवाणखान्यात आली आणि जागच्या जागी थबकली. "अहो! आज तेरा! मला वाटलं, अजून एक दिवस आहे!"

उद्यारावांनी कॅलेंडरकडे पाहिलं. त्यांना पण तसंच वाटलं होतं. पण छापील तारखेवर शंका घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "सुट्टीत वार कुणाच्या लक्षात राहतात? चल, आटप!"

टेकडीचा चढ चढून ते पावणेदहाला फाटकावर पोचले. रखवालदाराने तिकिटं उलटसुलट केली.

"काका, ही उद्याची आहेत. आज बुधवार."

"आज गुरुवार."

"बुधवार हो. बारा तारीख."

"हे बघा, तारखांच्या बाबतीत मला शिकवू नका. तीस वर्षं शिक्का मारतोय मी!"

"मग मारा की. उद्या या."

'उद्या या' हे वाक्य तीस वर्षं उद्याराव लोकांना ऐकवत आले होते. त्यांना ते कुणी ऐकवण्याची ही पहिलीच वेळ. मागे रांगेतली माणसं हसली. उद्यारावांच्या डोक्यात तिडीक गेली. "साठ दिवस आधी बुकिंग केलं, तरी उद्या? नको तुमचं दीपगृह! ठेवा तुमचा दिवा तुमच्यापाशी!" आणि त्यांनी आपलं तिकीट उभं फाडलं.

टर्रकन आवाज झाला. त्या आवाजाने ते स्वतःच भानावर आले. दुसरं तिकीट बायकोने कधीच पर्समध्ये टाकलं होतं.

ती वाकली. फाटलेल्या तुकड्यांसाठी नव्हे. रागाच्या भरात खिशातून आणखी एक कागद पडला होता. तिने तो उलगडला. अकरा तारीख, मंगळवार.

"हा तुमच्या खिशात कसा?"

उद्याराव समुद्राकडे बघू लागले.

"शपथ घेतली होती ना?"

"पाच दिवस पाळली," ते म्हणाले. "आणि मी चुकलो नाही. मी लवकर आलो. लवकर येणं हा गुन्हा आहे का?"

दुसऱ्या दिवशी, खऱ्या गुरुवारी, फाटकावर त्यांनी चिकटपट्टी लावलेलं तिकीट पुढे केलं. रखवालदाराने मागची बारीक अक्षरं त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. मग तो बायकोला म्हणाला, "काकू, पायऱ्या निसरड्या आहेत. या, मी हात देतो." आणि तिला हाताला धरून घेऊन गेला.

उद्याराव खाली उभे राहिले. तो हात त्यांचा असायला हवा होता. तीस वर्षं उधार होता. बऱ्याच वेळाने वरच्या कठड्यावर एक पांढरा रुमाल हलला. उद्यारावांनी दोन्ही हात हलवले, आणि आजूबाजूला कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

ती खाली आली तेव्हा गुडघा धरून चालत होती आणि चेहरा उजळला होता.

"काय दिसलं?"

"सगळं. बोटी, बेट, आपलं लॉज. तुम्हीही दिसलात."

"कसा दिसत होतो?"

"कुणाशी तरी भांडताय असं वाटत होतं."

"तिकीट खिडकीवाल्याशी. उद्याचं एक द्या म्हटलं, तर साठ दिवसांनंतरचं घ्या म्हणतो. मी काय ऐकून घेतो? सरळ नाही म्हणून सांगितलं!"

संध्याकाळी लॉजवर उद्याराव ताठ मानेने दिवाणखान्यात शिरले. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं. नुसता खिळा होता आणि खिळ्याला चिठ्ठी: 'तारीख काउंटरवर विचारावी.'

काउंटरवर मॅनेजर वही लिहीत बसले होते. उद्यारावांनी घसा खाकरला आणि अधिकाराच्या आवाजात विचारलं, "उद्या किती तारीख?"

मॅनेजरांनी मानही वर केली नाही.

"उद्या विचारा. आम्ही आगाऊ देत नाही."